ऐनवेळचा मुक्काम : जव्हार-मोखाड्यातील गाडीसहलींचा आढावा

गुरुवारी रात्री मोबाइलवर निरोप फिरतो. शनिवारी पहाटे ठाण्याहून निघायचे, भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हार गाठायचे, दाभोशाचा धबधबा पाहायचा, रात्री पठारावर तंबूत किंवा गाडीतच झोपायचे आणि रविवारी मोखाडा-खोडाळ्यावरून कसाऱ्याला उतरायचे. बारा गाड्या ठरल्यात, अजून तीन-चार चालतील, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवा. मुंबई, ठाणे, नाशिकच्या नोकरदारांना या निरोपाचे आता नवल वाटत नाही. ज्या पाड्याच्या वरकस जमिनीवर हे तंबू लागतात, त्या पाड्याला मात्र त्याची पुरती सवय झालेली नाही.

कॅराव्हॅन क्लबांच्या रॅली ही मूळची इंग्लंडकडची रीत. आपल्याकडे ती गाड्यांच्या ताफ्यांच्या, तंबूंच्या आणि शनिवार-रविवारच्या ग्रुप ट्रिपच्या रूपात आली. तिच्याबद्दलची चर्चा बहुधा दोन टोकांना अडकते : पर्यटन वाढले म्हणजे रोजगार आला, किंवा पर्यटक आले म्हणजे कचरा आला. या दोन्हींच्या मधला एक प्रश्न कमी बोलला जातो. माणसे किती उशिरा ठरवून येतात आणि त्या उशिराचा भार कोण उचलते, हा तो प्रश्न. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांपुरता या प्रश्नाचा आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

जागा कशी आहे

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी होती. १९४८मध्ये संस्थान विलीन झाले आणि मुलूख ठाणे जिल्ह्यात आला. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला तेव्हा जव्हार आणि मोखाडा त्यात गेले. गावात १९१८पासून नगरपालिका आहे, जयविलास राजवाडा आहे, सनसेट पॉइंट आणि हनुमान पॉइंट आहेत. सुरतेच्या वाटेवर असताना शिवाजी महाराज जिथे थांबले असे सांगतात, ते शिरपामाळही इथलेच. दाभोसा, काळमांडवी, हिरडपाडा हे धबधबे, भूपतगड, खडखड धरण, मोखाडा तालुक्यातले सूर्यमाळ आणि खोडाळ्याजवळचे देवबांधचे गणपतीचे देऊळ यांना धरून शहरातली माणसे बेत आखतात. ‘मिनी महाबळेश्वर’ हे नाव जाहिरातींमुळे रुळले असले, तरी पावसाळ्यातले धुके आणि हिवाळ्यातला गारवा खराच आहे.

रेल्वे नाही. कसारा, इगतपुरी, पालघर, डहाणू यांपैकी कुठेही उतरले तरी पुढे एसटी, जीप किंवा स्वतःची गाडी लागते. त्यामुळे जव्हार-मोखाड्याचे पर्यटन पहिल्यापासून गाडीवाल्यांचे. मनोर-विक्रमगड-जव्हार-मोखाडा-त्र्यंबक या रस्त्याला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा आहे, पण घाटाची वळणे आणि पावसाळ्यातले खड्डे त्या दर्जाला जुमानत नाहीत. मोखाड्याहून त्र्यंबककडे तोरंगण घाट ओलांडायचा, तोही रात्री आणि ओळखीचा रस्ता नसताना, हे अनुभवी चालकही टाळतात.

दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी या समाजांची वस्ती गावठाणात एकवटलेली नाही, पाड्यापाड्यांत पसरलेली आहे. एका ग्रामपंचायतीत कैक पाडे आणि दोन पाड्यांत टेकडी किंवा ओहोळ. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे हा भाग देशभर कुपोषणासाठी ओळखला गेला. पर्यटनावर बोलताना ते आठवावेच लागते, कारण इथे पाहुण्यासाठी रांधलेले अन्न आणि घरातल्या मुलाचे अन्न एकाच डब्यातून निघते.

रॅलीची मूळ रीत

स्कॉटिश डॉक्टर आणि लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स याने १८८५मध्ये निव्वळ हौसेखातर ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली. तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची सोय होती. १९०७मध्ये ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला आणि स्टेबल्स त्याचा एक उपाध्यक्ष होता. त्याआधी १९०१मध्ये टॉमस हायरम होल्डिंगने कॅम्पिंगवाल्यांची संघटना उभी केली होती. पुढे मोटारी आल्या, गाडीच्या मागे ओढायचे घर आले आणि शेतकऱ्याच्या कुरणात शुक्रवार ते रविवार एकत्र जमण्याला रॅली हे नाव पडले.

ही रीत बेशिस्त होऊ नये म्हणून १९६०मध्ये तिथे कायदा झाला. कॅराव्हॅनच्या कायम तळाला परवाना लागतो, पण मान्यताप्राप्त क्लबाने भरवलेल्या, पाच दिवसांपर्यंतच्या रॅलीला सूट मिळते. या सवलतीमागचा विचार साधा आहे. क्लब आपल्या सभासदांची हमी घेतो, म्हणून सरकार प्रत्येक गाडीमागे धावत नाही. मैदानावर क्लबाचा एक कार्यवाह असतो. कोणती गाडी कुठे लावायची, दोन गाड्यांत किती अंतर ठेवायचे, पाणी कुठून घ्यायचे आणि शौचटाकी कुठे रिकामी करायची, हे सगळे तो पाहतो.

अशा अनेक छोट्या रॅलींना आधी नाव नोंदवावे लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी थेट पोचले, रात्रीचे माफक भाडे भरले की झाले. हे जमते, कारण गाडी स्वयंपूर्ण असते. पाणी, चूल, अंथरूण, शौचालय सगळे तिच्यासोबत येते. जमीनमालकाने द्यायचे ते कुरण, एक नळ आणि मैला टाकण्याची जागा. पंधरा गाड्यांऐवजी अठरा आल्या, तरी त्याच्या घरातल्या चुलीवर काही फरक पडत नाही. ऐनवेळी येण्याची मोकळीक या स्वयंपूर्णतेवर उभी आहे. जव्हारच्या चर्चेत मोकळीक उचलली जाते आणि तिचा हा पाया सहसा मागे राहतो.

आपल्याकडचे मुक्काम

गटाने निघायचे, वाटेत मोकळ्यावर मुक्काम करायचा, हे या मुलखाला परके नाही. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तिच्यासाठी पश्चिमेकडच्या दिंड्या जव्हार-मोखाड्याच्या वाटेने चढतात. दिंडीतही वाटेत माणसे वाढतात आणि कुणी विचारत नाही की नाव कधी दिले होते. पण दिंडीची तिथी पंचांगात आहे, मुक्कामाचे गाव ठरलेले आहे आणि पंगतीचा शिधा गाव आधीपासून बाजूला ठेवते. उशिरा आलेल्या वारकऱ्यालाही जागा मिळते ती या तयारीमुळे. मोखाड्याच्या बोहाड्यालाही, मुखवट्यांची सोंगे पाहायला, पै-पाहुणे रात्रभर येत राहतात. त्याही उत्सवाचे दिवस गावाला तोंडपाठ असतात.

शहरी गटांचा प्रवाह वेगळा. १९४९मध्ये स्थापन झालेल्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या शाखा आणि मुंबई-पुण्याचे गिर्यारोहण क्लब यांच्या सहलींचे कार्यक्रम महिनोन्‌महिने आधी छापून येत. सभासदत्व, शुल्क, म्होरक्या, नियम सगळे असे. मोबाइलने हे बदलले. आता सभासदत्व लागत नाही, पैसे भरले की माणूस ग्रुपमध्ये येतो. टाळेबंदीनंतर गाडीच्या टपावर बसणारे तंबू, भाड्याने मिळणाऱ्या कॅम्पर गाड्या आणि आपल्याच मोटारीत झोपण्याची हौस वाढली, तसे ताफेही वाढले.

धोरण काय म्हणते

महाराष्ट्राने २०२०मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साहसी पर्यटनासाठीचा शासन निर्णयही निघाला. कॅराव्हॅन धोरणाचे दोन भाग आहेत. एक गाडीचा : झोपण्याची जागा, स्वयंपाकघर, शौचालय असलेली, पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेली गाडी. दुसरा भाग तळाचा : जिथे पाणी, वीज, रस्ता आणि स्वच्छतेची सोय आहे असा कॅराव्हॅन पार्क, खासगी किंवा सरकारी जागेवर. हॉटेल बांधता येत नाही अशा दुर्गम ठिकाणी राहण्याची सोय व्हावी, हा त्याचा हेतू. केरळनेही २०२१मध्ये ‘केरवान केरळ’ जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी वागमोणला पहिला पार्क सुरू झाला.

कागदावर जव्हार-मोखाडा या धोरणात नेमके बसतात : दुर्गम, निसर्गसंपन्न आणि निवासाची सोय तोकडी. प्रत्यक्षात इथे येणाऱ्या ताफ्यात धोरणाच्या व्याख्येत बसणारी गाडी क्वचित असते. असतात त्या खासगी मोटारी, टेम्पो ट्रॅव्हलर आणि तंबू. आपलीच गाडी गॅरेजमध्ये नेऊन घर बनवावी, तर तिथेही मर्यादा आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ रचनेला छेद देणारे फेरफार नोंदणीत चालणार नाहीत, असे सांगितले. त्यामुळे हौशी माणूस गाडीत कायमचे काही न बदलता गादी आणि स्टोव्ह टाकून निघतो. शौचालय आणि पाणी यांसाठी तो उतरेल तिथल्या वस्तीवरच अवलंबून राहतो. धोरण स्वयंपूर्ण गाडीसाठी लिहिले आहे आणि रस्त्यावर धावते ती परावलंबी गाडी. पुढच्या सगळ्या मतभेदांचे मूळ बऱ्याच अंशी या अंतरात आहे.

कोणाचे काय म्हणणे

ऐनवेळी सामील होणाऱ्यांची बाजू हलकी नाही. ज्याची पाळी बुधवारी ठरते, ज्याची सुट्टी शुक्रवारी मंजूर होते, त्याला महिनाभर आधी नाव द्या म्हणणे म्हणजे येऊच नका म्हणणे. पावसाचा अंदाजही दोन-तीन दिवस आधीच नीट कळतो, म्हणून उशिरा ठरवणे कित्येकदा शहाणपणाचे असते. एकट्या बाईला, निवृत्त जोडप्याला किंवा लहान मुले असलेल्या कुटुंबाला अनोळखी घाटात एकटी गाडी घालण्यापेक्षा ताफ्यात जाणे सुरक्षित वाटते. गाडी बंद पडली तर सोबत असते. त्यांचा आणखी एक मुद्दा असा, की हॉटेलात न उतरणारा माणूस पाड्यावर पैसे खर्च करतो : भाकरी, कोंबडी, तांदूळ, वारली चित्र, काजू.

पाड्यावरचे मत एकसारखे नाही. ज्याची रस्त्यालगत सपाट जमीन आहे आणि घरचा तरुण मुलगा मोबाइलवर व्यवहार सांभाळतो, त्याला कुणीही कधीही आले तरी चालते. पडीक वरकसावर एका रात्रीत रोख पैसे मिळतात. ज्या घरात रांधायची जबाबदारी आहे, तिथे हिशेब वेगळा. चाळीस माणसांची नागलीची भाकरी म्हणजे आदल्या दिवशी दळण, जव्हारहून किराणा, सरपण आणि पाणी. शुक्रवारी रात्री चाळिसाची पंचावन्न झाली, तर पंधरा माणसांची भाकरी पहाटे चारला उठून कुणीतरी थापायची असते आणि ती थापणारी बाई मोबाइलवरच्या त्या ग्रुपमध्ये नसते. उलटेही होते. ऐनवेळी येणाराच ऐनवेळी रद्द करतो आणि आणलेला माल घरात पडून राहतो. आयोजकाने आगाऊ पैसे घेतलेले असतात, पाड्याला दिलेले नसतात. उशिरा येण्यापेक्षा ऐनवेळी न येण्याची तक्रार मला इथे जास्त ऐकू आली आणि ती मला रास्त वाटते.

तिसरे मत गावाने मिळून चालवायच्या पर्यटनाचे. ‘ग्रासरूट्स’ या संस्थेने अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत गावपर्यटन उभे केले आणि तसेच काम जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावात केले. तारपावादक भिकल्या धिंडा यांचे हेच गाव. या रीतीत गावाची समिती असते, पाहुणे आधी नोंदवून येतात, घरे पाळीपाळीने पाहुणचार करतात आणि दर ठरलेले असतात. पाळी असल्यामुळे काम आणि पैसा एकाच घरात साचत नाही. मात्र पाळी लावायची तर आकडा आधी कळावा लागतो. ऐनवेळच्या माणसाला ही रीत सोसत नाही. आयोजक याला ताठरपणा म्हणतात. समितीची बाजू धरणारे सांगतात, की पाळी मोडली की रस्त्याजवळचे घर श्रीमंत होते आणि आतला पाडा नुसता धूळ खातो.

चौथे मत आदिवासी संघटनांचे आणि काही ग्रामसभांचे. त्यांचा रोख वेळेवर कमी आणि परवानगीवर जास्त आहे. १९९६चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४चे नियम ग्रामसभेला गावाच्या साधनसंपत्तीबद्दल बोलण्याचा अधिकार देतात. झरा, गायरान, देवाची जागा, जंगल हे एका मालकाचे नाही. ज्याच्या शेतात तंबू लागले त्याला भाडे मिळाले, पण पन्नास माणसे सकाळी गेली ती साऱ्या पाड्याच्या झऱ्यावर. मग हो म्हणण्याचा अधिकार एकट्या शेतकऱ्याचा कसा, असा त्यांचा सवाल आहे. ग्रामसभा शुक्रवारी रात्री भरत नाही, त्यामुळे ऐनवेळच्या मुक्कामाला तिची संमती व्यवहारात कधी मिळतच नाही.

शेतीचे आणि पर्यटनाचे वेळापत्रक

या वादात सर्वांत कमी चर्चा झालेली आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे वर्षाचे चक्र. शहराला हा मुलूख दोनदा हवा असतो : जुलै ते सप्टेंबर धबधब्यांसाठी, आणि डिसेंबर-जानेवारीत थंडीतल्या तंबूंसाठी. पाड्याचे वर्ष नेमके त्या वेळी वेगळ्या कामात असते.

चैत्र-वैशाखात राब भाजतात. मृगाला पेरणी. आषाढात आवणी, भाताची खाचरात आणि नागली-वरईची उतारावर. श्रावणात निंदणी. या दोन महिन्यांत घरातला प्रत्येक हात चिखलात असतो. धबधब्यांच्या हंगामात चुलीपाशी बसायला उरते ती म्हातारी किंवा शाळकरी मुलगी. आयत्या वेळी पंधरा माणसे वाढली तर एकतर घरची बाई आवणी सोडते किंवा मुलगी शाळा.

कापणी-झोडणी उरकली, दिवाळी झाली की स्थलांतर. भिवंडी, वसई, ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. डिसेंबरच्या थंडीत, तंबूंच्या ऐन मोसमात, कितीतरी घरांना कुलूप असते. पर्यटनाचे समर्थक म्हणतात, हीच तर संधी. गावात काम मिळाले तर माणूस भट्टीवर जाणार नाही. बायफ या संस्थेने जव्हार भागात रुजवलेल्या आंबा-काजूच्या वाड्या आणि अलीकडची मोगऱ्याची शेती यांनी काही कुटुंबांना घरी थांबवले, हे उदाहरण ते देतात. त्यावर शंका घेणारे विचारतात, की वाडी रोज पाणी मागते आणि मोगरा रोज तोडावा लागतो, पण शनिवारची रात्र आठवड्यातून एकदाच येते. तीही येईल की नाही हे गुरुवारपर्यंत कळत नसेल, तर त्या भरवशावर कोण उचल नाकारेल? मिळकत थोडी असली तरी माणसे थांबतात, पण ती नक्की असावी लागते. या युक्तिवादात मला वजन दिसते.

शिमग्याला माणसे गावी परततात. पण त्यानंतर लगेच पाण्याची ओढ सुरू होते. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मोखाड्यात एप्रिल-मेमध्ये पाड्यांना टँकर लागतो. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणाचे १०२ मीटर उंचीचे धरण आहे आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. मुंबईकर सहलीला येतो तो मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्यात, हंडाभर पाण्यासाठी रांग लावणाऱ्या पाड्यावर. पन्नास माणसांचा ताफा माणशी वीसच लिटर वापरणार असे धरले, तरी एका रात्रीला हजार लिटर पाणी झाले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सत्तरच्या आसपास खेपा. गाडीत स्वतःचे पाणी घेऊन येण्याचा नियम काही जबाबदार आयोजक पाळू लागले आहेत, आणि मूळच्या रॅलीच्या रीतीतली हीच गोष्ट सगळ्यांत आधी उचलायला हवी होती.

वेळापत्रके जुळू शकतील असा काळ म्हणजे भादव्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंतचा. निंदणी संपलेली, कापणी व्हायची असते किंवा चालू असते, ओहोळ वाहते असतात, माणसे घरी असतात. शहराच्या सहलींच्या यादीत नेमके हेच आठवडे रिकामे दिसतात.

सुरक्षितता

इथे मतभेद कमी आहेत, कारण अपघात सर्वांना आठवतात. जुलै २०२०मध्ये काळमांडवीच्या डोहात पाच तरुण बुडाले, तेही जव्हारचेच. म्हणजे पाणी ओळखीचे असणेही पुरत नाही. मे २०२४मध्ये दाभोशाला उंचावरून उडी मारताना मुंबईकडून आलेल्या एका पर्यटकाचा जीव गेला. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर मनाई आदेश काढते, पूर्वी कलम १४४खाली, आणि जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली. ताफा शुक्रवारी ठरतो आणि आदेश कधी निघाला हे आयोजकाला रस्त्यावर कळते, असे होते. मग बेत मोडण्यापेक्षा आडवाटेने दुसरा धबधबा शोधला जातो आणि तो जास्त धोक्याचा असतो.

दवाखान्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय हा दोन्ही तालुक्यांचा आधार, आणि गंभीर रुग्णाला तिथून नाशिकला किंवा ठाण्याला हलवावे लागते. ऑगस्ट २०२२मध्ये मोखाड्यातल्या मर्कटवाडीच्या एका बाईची जुळी बाळे दगावली. रस्ता नसल्यामुळे तिला झोळीतून न्यावे लागले होते. घाटात घसरलेला सहलवाला आणि पाड्यावरची बाळंतीण यांना एकाच रुग्णवाहिकेची वाट पाहावी लागते, हे ध्यानात घेतले तर शिस्तीचा आग्रह जाचक वाटत नाही.

ऐनवेळी येणाऱ्याबद्दल जुन्या म्होरक्यांनी एक उपयुक्त भेद केला आहे. उशिरा नाव देणे वेगळे आणि उशिरा पोचणे वेगळे. शुक्रवारी दुपारी नाव दिलेल्या माणसाचे वय, आजार, पोहता येते की नाही, गाडीचा नंबर हे सगळे एका फोनवर घेता येते. शनिवारी रात्री दहाला घाट चढून थेट तळावर येणारा मात्र ना यादीत असतो ना सूचनांच्या वेळी हजर. पहिल्याला सामावून घ्यावे आणि दुसऱ्याला रात्री जव्हार शहरातच थांबायला सांगावे, यावर बहुतेकांचे जमते.

जमिनीचा कायदा

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विकत, गहाण किंवा भाडेपट्ट्याने जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची आणि दीर्घ मुदतीच्या व्यवहारात शासनाचीही आधी मंजुरी लागते. एका रात्रीसाठी तंबू लावू देणे हा भाडेपट्टा नव्हे, ती नुसती मुभा, असे आयोजक मानतात. पण तोच आयोजक दर शनिवारी तीच जमीन वापरू लागला, तिथे शौचालये बांधली, फलक लावला, तर मुभा कुठे संपते आणि पट्टा कुठे सुरू होतो? कॅराव्हॅन पार्क उभारायचा तर हा प्रश्न टाळताच येणार नाही, कारण पार्कला कायमचा नळ आणि टाकी लागते. २०२५मध्ये आदिवासी जमिनी भाडेपट्ट्याने देण्याची वाट सोपी करण्याचा विचार शासनाकडून बोलून दाखवला गेला तेव्हा आदिवासी संघटनांनी कडाडून हरकत घेतली. पट्ट्याच्या नावाखाली जमीन जाते, हा त्यांचा अनुभव जुना आहे. उलट, जमीनमालकालाच उद्योग करायचा असेल तर हा कायदा त्याला भांडवल उभे करू देत नाही, असे म्हणणारे आदिवासी तरुणही आहेत. वनजमिनीवर तर वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू लावताच येत नाही, आणि पठाराचा कोणता भाग कुणाचा हे रात्री अंधारात आलेल्याला कळत नाही.

काय उरले आहे

ताफ्याची हमी कोण घेणार, हे ठरलेले नाही. ब्रिटनमध्ये ती क्लब घेतो, कारण सभासदत्व काढून घेण्याची शक्ती त्याच्याकडे आहे. इथल्या ग्रुपकडे ती नाही. नाव बदलून दुसरा ग्रुप काढता येतो. साहसी पर्यटनासाठी आयोजकाची नोंदणी आहे, पण ‘आम्ही मित्रमित्र आलोय’ म्हणणाऱ्या पंधरा गाड्यांना ती कशी लावायची, याचे उत्तर तलाठ्याकडेही नाही आणि पोलीस ठाण्याकडेही नाही.

आगाऊ रकमेतला पाड्याचा वाटा आधी पोचवण्याची रीत बसलेली नाही. नाव उशिरा देणाऱ्याकडून जास्त पैसे घ्यावेत आणि ते थेट रांधणाऱ्या बचत गटाकडे जावेत, ही सूचना काही आयोजकांनी मान्य केली आहे. ती पाळली जाते का, हे पाहणारे कुणी नाही. ऐनवेळच्या माणसांसाठी प्रत्येक ताफ्यात चार-पाच जागांचा शिधा आधीच धरून ठेवावा आणि त्याचे पैसे रद्द झाले तरी द्यावेत, असेही सुचवले गेले आहे. दिंडीच्या पंगतीचा हिशेब असाच असतो, म्हणून मला ही सूचना इथल्या रिवाजाला धरून वाटते.

मैल्याचे काय करायचे, हा प्रश्न तर बोलायलाही लोक संकोचतात. ज्या थोड्या गाड्यांना शौचटाकी असते, त्यांनी ती कुठे रिकामी करायची, याचे उत्तर ताफ्याला निघण्याआधी शोधावे लागते. सापडले नाही तर ती ओढ्यात जाते, आणि ओढा खाली कुठल्यातरी पाड्याच्या विहिरीला मिळतो. जव्हार नगरपरिषदेच्या हद्दीत एक नळ आणि एक टाकी एवढीच सोय करायची म्हटली, तर कॅराव्हॅन धोरणाखाली ते अवघड नाही. जमीन नगरपरिषदेची असेल, कलम ३६-अचा पेच पडणार नाही, आणि रात्री उशिरा घाट चढून आलेल्यांनाही पाड्याऐवजी तिथे थांबवता येईल. यासाठी पुढाकार कोणी घ्यायचा आणि गाडीमागे आकार किती लावायचा, यावर नगरपरिषद, पर्यटन संचालनालय आणि आयोजक यांनी एकत्र बसणे अजून बाकी आहे.